गडमुडशिंगीची गाडी फोंड्याखाली

आमच्या दारातली लष्करी गाडी कुठं गेली, असं गडमुडशिंगीत मला अजून विचारतात. एस.टी.च्या थांब्यावर विचारतात, दवाखान्यात इंजेक्शन घेता घेता विचारतात. "विकली व्हय?" म्हणतात. विकली नाही. मी ती स्वतः चालवत फोंड्याचा घाट उतरून कोकणात नेली आणि तिथं ठेवून आले. त्या प्रवासाचं हे लिहिणं. ज्यांनी तो रस्ता पाहिलेला नाही त्यांच्यासाठी, आणि ज्यांनी ती गाडी वर्षानुवर्षं आमच्या दारात पाहिली त्यांच्यासाठीही.

आधी गाडीचं सांगायला हवं. माझे मालक यशवंत सैन्यात ड्रायव्हर होते. मी त्यांना कधी नावानं हाक मारली नाही, तेव्हा इथंही 'हे'च लिहिते. उत्तरेकडच्या डोंगरात, बर्फातून, वरच्या चौक्यांना शिधा पोचवायचं त्यांचं काम. नव्वदीच्या सुरुवातीला निवृत्त होऊन घरी आले आणि काही वर्षांनी पुण्याच्या लिलावातून तसलीच एक जुनी गाडी घेऊन आले. चारही चाकांना जोर देणारी, छोट्या ट्रकएवढी, हिरवा रंग पोपडे धरून सुटलेला. इंजिन जाम होतं. गावात ती ट्रॅक्टरला बांधून ओढत आली तेव्हा अख्खी गल्ली बघायला जमली. "यशवंतानं रणगाडा आणला," असं म्हणून लोक हसले.

पत्र्याच्या शेडखाली त्यांनी ती पार उघडली. इंजिनचा ब्लॉक उद्यमनगरातल्या कारखान्यात नेऊन बोअर करून आणला. जे सुटे भाग कुठंच मिळाले नाहीत ते लेथवर घडवून घेतले. घरातली मोठी परात नटबोल्ट धुवायला रॉकेलात बुडाली, ती पुन्हा स्वयंपाकघरात आली नाही. मी राजारामपुरीतल्या दवाखान्यात नर्स. ड्यूटी करून घरी आले की हे चाकांखालून आवाज द्यायचे, "मंगल, जरा बॅटरी धर गं." बॅटरीचा उजेड धरता धरता मला पान्यांचे नंबर पाठ झाले. गाडी पहिल्यांदा सुरू झाली त्या दिवशी अंगणभर निळा धूर झाला आणि हे स्टिअरिंगवर डोकं ठेवून बराच वेळ तसेच बसले.

पुढं काही वर्षं गाडीनं गावाचं खूप काम केलं. चिखलात रुतलेल्या उसाच्या ट्रॉल्या ओढल्या, पुराच्या पाण्यातून माणसं काढली. दर रविवारी हे सांधे-सांध्याला ग्रीस भरायचे, तेल बघायचे, नट आवळायचे. माणसाची अंघोळ चुकेल, गाडीचा रविवार चुकायचा नाही.

मग एके दिवशी भर दुपारी त्यांनी फाटकाच्या खांबाला गाडी घासली. तो खांब दिसलाच नाही म्हणाले. डोळे तपासले तर काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी मला आत बोलावून सांगितलं, "सिस्टर, समोरचं थोडं शिल्लक आहे, कडेचं गेलंय. गेलेलं परत येत नाही. गाडी आजपासून बंद."

 दोन दिवसांनी मी कामावरून आले तर हे शेडमध्ये बसून पुढचं चाक उघडत होते. डोळे मिटलेले.

"काय करायलाईसा हो?"

"बघायलोय," म्हणाले, "हातांना किती ठावं हाय."

हातांना सगळं ठाऊक होतं. त्या उन्हाळ्यात त्यांनी ऊस निघालेल्या रानात मला गाडी शिकवली. वाळूवाले दोनदा येऊन गाडी मागून गेले, भंगारवालाही आला. सगळ्यांना परत पाठवलं. पुढं शेजारच्या दुकानात दत्तारामचा फोन आला. हा यांचा सैन्यातला जोडीदार, फोंडा घाटाखालच्या एका गावचा. त्याची वाडी नदीपलीकडं. पावसाळ्यात वाट तुटते आणि आजारी माणूस डोलीत घालून आणावं लागतं. "तुझी ती गाडी अजून चालते का रे?" एवढंच त्यानं विचारलं. हे फोन ठेवून घरी आले आणि मला म्हणाले, "पावसाच्या आत पोचवायची. चालवशील?"

मी म्हणाले, "जमंल की. सावकाश घेतो मी."

मुरगूड

मे महिना होता. सकाळी निघालो ते कागलवरून मुरगूडला. तिथं माझी नणंद आक्काताई दिलेली आहे. पहिला मुक्काम तिच्याकडं करायचा, असं यांनीच ठरवलं होतं. माझ्या हाताला एवढा लांबचा रस्ता नवा होता आणि ते त्यांनी बोलून दाखवलं नाही.

आक्काताईंनी वांग्याचं भरीत, जोंधळ्याची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा खर्डा वाढला. वाढता वाढता तोंड चालूच.

"तुला डोळं न्हाईत, हिला घाट म्हाईत न्हाय, आन् चाललाईसा कुठं?"

"गाडी द्यायला."

"आरं, हिकडं कोण घेत न्हाय व्हय?"

"घ्यायला कोणबी घेतंय," हे म्हणाले. "वापरायला दत्ताराम हाय."

निघताना आक्काताईंनी मला चुलीपाशी धरलं. बाई मोठ्या आवाजाची, पण तेव्हा अगदी हळू बोलली. "मोडली तर मोडू दे गाडी. माणूस तेवढं माघारी आण." मी मान हलवली.

दाजीपूर

मुदाळ तिट्ट्यावरून, तीन रस्ते मिळतात तिथून, राधानगरीकडं वळलं की ऊस मागं पडत जातो आणि डोंगर जवळ येतात. धरणाचं पाणी उन्हाळ्यानं खाली गेलं होतं, काठाची लाल माती उघडी पडलेली. यांनी गाडी थांबवायला सांगितली आणि खाली उतरले. त्यांना आता नळीतून बघावं तसं दिसायचं. एका टोकापासून सुरुवात करून मान थोडी-थोडी वळवत त्यांनी ते पाणी तुकड्या-तुकड्यानं बघितलं. आपल्याला एका नजरेत मिळतं ते त्यांना गोळा करावं लागत होतं. मी घाई केली नाही. सगळं बघून झाल्यावर म्हणाले, "मोठं हाय गं," आणि गाडीत येऊन बसले.

दाजीपूरच्या जंगलात भर मे महिन्यात गारवा. वाटेत एका छपरात चहा होता. चहावाल्या बाईनं यांना विचारलं, "पावणं, गाडी मिल्ट्रीची न्हवं? घाट उतरणार? जपून चालवा बरं का, वळणं लई वाईट हाईत."

"मी न्हाय चालवत. ही चालवती."

बाई माझ्याकडं वळली. माझ्या हातांकडं बघितलं, मग यांच्या डोळ्यांकडं.  आम्ही निघायच्या बेतात असताना न मागता आणखी एक कप चहा माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "पी. खाली लई उकडतंय."

घाटात

घाटमाथ्यावर पोचलं की एकदम जमीन संपते. खाली धुरकट निळ्या टेकड्या आणि त्यांच्यापलीकडं दिसत नसलेला समुद्र. वारा उलटा अंगावर येतो, ओला आणि गरम. आमच्या देशावरच्या माणसाला तो वारा पहिल्यांदा लागला की श्वास जड होतो.

"दुसऱ्या गियरवर राहा," हे म्हणाले. "ब्रेकवर पाय ठिवून बसू नको. इंजिनला गाडी धरू दे."

पहिली वळणं बरी गेली. खालून ट्रक येताना दिसला की मी सांगायची, आणि हे आवाजावरून आधीच ओळखायचे. मग एका लांब उतारावर मी ब्रेक दाबला आणि पायडल मऊ लागलं. पुन्हा दाबला तर ते पार तळाला गेलं.

"अहो, ब्रेक गेला."

त्यांनी आवाज चढवला नाही. मला नंतर कळलं की त्यांच्या दोन्ही मुठी सीटच्या पत्र्यावर आवळलेल्या होत्या, पत्र्याची धार तळव्यात रुतली होती. पण आवाज रविवारी ग्रीस मागतात तसाच होता.

"घाबरू नको. पायडल पंप कर. दाब, सोड. दाब, सोड. काय लागतंय का?"

"थोडं लागतंय."

"मग तसंच कर. आता पयला गियर टाकायचा. इंजिन वरडंल, वरडू दे. टाक."

गियर टाकताना दातांवर दात घासल्याचा आवाज झाला आणि गाडीनं असा हिसका दिला की मी काचेवर जाते की काय असं वाटलं. इंजिन किंचाळत होतं. पण वेग मोडला. समोर वळण येत होतं, डावीकडं डोंगर, उजवीकडं कठड्याचे दगड आणि त्यापलीकडं काही नाही.

"डोंगर कुठल्या अंगाला हाय?"

"डावीकडं."

"गटार हाय?"

"हाय."

"डावी चाकं गटारीत घाल. हळूच. मग हँडब्रेक वढ."

मी घातली. गाडी तिरकी झाली, एक कड दगडांना घासत गेली आणि कण्हत थांबली. मी किल्ली फिरवली. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून तशीच बसून राहिले. हे त्यांच्या बाजूनं चाचपत उतरले, वाटेतले दगड शोधून चाकांना लावले आणि मग फिरून माझ्या दारापाशी आले. दार उघडून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "झालं," म्हणाले. "थांबलीय."

मग ते गाडीखाली गेले. मी वाकून बघत होते. एकेका चाकाच्या आतून त्यांनी बोटं फिरवली आणि वास घेतला. मागच्या डाव्या चाकाशी बोटं ओली झाली. आतला रबर फाटला होता आणि ब्रेकचं सगळं तेल तिथून गळून गेलं होतं. नवा रबर जवळ नव्हता. त्यांनी त्या चाकाकडं जाणारी बारीक नळी कापली, दुमडली, दगडावर ठेवून हातोडीनं ठोकून तिचं तोंड बंद केलं. मी वरून डब्यातलं तेल ओतत होते, पायडल मारत होते, ते खालून हवा काढत होते. "दाब. धरून ठीव. सोड." असं किती वेळ चाललं कुणास ठाऊक. येणारे-जाणारे ट्रक थांबून विचारत होते, काय मदत हवी का. एकानं पाण्याची बाटली दिली.

"आता तीन चाकांच्या ब्रेकवर जायाचं," हे बाहेर येत म्हणाले. त्यांच्या केसांत, मिशीत लाल माती. "तुला चालवायची न्हाय तर हितंच थांबू. दुसऱ्या कुणाला बोलवू."

खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. दुसऱ्या कुणाच्या तरी हाती ते चाक देऊन मागं बसावंसं वाटत होतं. पण खालच्या वळणावर दिसत होता तो रस्ता एवढाही भयंकर नव्हता, आणि शेजारी बसायला हे होते. मी पदर खोचला आणि वर चढले. उरलेला घाट आम्ही चालत्या माणसाच्या वेगानं उतरलो.

नदीपलीकडं

फोंड्याचा बाजार मागं टाकून आत वळलो तेव्हा उन्हं कलली होती. नदीत नुसते गोटे होते आणि मधून घोट्याएवढं पाणी. काठावर एक उंच, वाळलेला माणूस उभा होता. तो दत्ताराम.

हे उतरले आणि हात पुढं केला. हात थोडा बाजूला गेला. दत्तारामनं ते बघितलं, एक क्षण त्याचा चेहरा उतरला, आणि त्यानं आपला हात तिकडं नेऊन यांच्या हातात दिला. यांचे डोळे एवढे गेलेत हे त्याला ठाऊक नव्हतं. मग तो माझ्याकडं वळला.

"वयनी, गाडी तुम्ही हाडलास?"

"व्हय. मीच आणली."

"घाटासून?" त्यानं दोन्ही हात जोडले. 

नदी ओलांडायची तर पुढची चाकं जोडावी लागतात, म्हणजे इंजिनचा जोर त्यांनाही द्यावा लागतो. यांनी त्याचा दांडा ओढून दिला आणि गाडी गोट्यांवरून डुलत, एकेक चाक रोवत पलीकडं निघाली. मधेच दत्ताराम म्हणाला, "वयनी, जरा थांबा." काठावरच्या एका सपाट खडकाकडं त्यानं बोट केलं. "गेल्या पावसात बायलेक डोलीतसून हाडलंव. पाणी उतराची वाट बघीत रवलंव. हयसरच गेली." त्याची बायको त्या खडकावर गेली होती. पाणी उतरायची वाट बघता बघता. त्यानं हे फोनवर सांगितलं नव्हतं. यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि वर वाडी येईपर्यंत तो हात काढला नाही.

दत्तारामच्या बहिणीनं जेवू घातलं. आपल्याकडं पोट भाकरीवर भरतं, तिथं भातावर. उकड्या तांदळाचा जाड भात, कुळथाची पिठी, भाजलेला सुका बांगडा आणि सोलकढी. माझ्या जिभेला तिखट कमी वाटलं, आक्काताईंनी बांधून दिलेला खर्डा चाखून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी "पाणी आणतो" म्हणाले तर ती पदर तोंडाला लावून हसली. "बापयासारख्या बोलतंस गे तू!" आमच्याकडं पुरुषांसारखं बायकाही 'जातो', 'करतो'च म्हणतात, हे तिला काही केल्या पटेना. त्या घरात बऱ्याच महिन्यांनी कुणीतरी हसलं होतं, असं दत्ताराम नंतर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या पडवीत लोक जमले. गाडी कुठं ठेवायची हे ठरवायला. एक म्हातारे गृहस्थ पुढं बसले होते, वाडीत त्यांचा शब्द चालतो हे दिसत होतं. ते म्हणाले, गाडी देवळाच्या आवारात ठेवू, तिथं दगडांचा गडगा आहे, फाटक आहे, सांभाळ होईल.

यांनी विचारलं, "तिथनं बौद्धवाडी किती लांब हाय?"

लोकांनी एकमेकांकडं बघितलं. मग एकानं सांगितलं की बौद्धवाडी खाली, ओढ्यापलीकडं.

"मग शाळेपाशी ठेवा," हे म्हणाले. "शाळा समद्यांच्या मधी हाय. आणि हाक कुठल्याबी घरातनं येऊ दे, गाडी निघाली पायजे. एवढंच माझं म्हणणं हाय. ते जमत नसंल तर मी गाडी माघारी नेतो."

माघारी नेणार कोण, तर मी, तीन चाकांच्या ब्रेकवर घाट चढून. पण तेव्हा माझ्या मनात ते आलंच नाही.

म्हाताऱ्यानं विचारलं, "तुम्ही खंयचे?"

"गडमुडशिंगीचा."

"तसा न्हय…"

"कळलं मला," हे शांतपणे म्हणाले. "आम्ही बौद्ध."

 मी दत्तारामकडं बघत होते. तो उठून उभा राहिला. "बर्फात आमी एका ताटात जेवलंव," तो म्हणाला. "ह्येनी माका खोल दरीतसून पाठीर घेवन वर हाडलेलो. गाडी शाळेकडे रवतली. चावी माझ्याकडे. कोणाक काय बोलाचा आसा तर आत्ताच बोला."

म्हातारे उठले, काठी घेतली आणि चालू लागले. त्यांच्यामागं आणखी काही जण गेले. बाकीचे बसून राहिले. त्या बसलेल्यांमध्ये सगळे मनापासून बसले होते असं मी म्हणणार नाही.

लोक पांगल्यावर ओढ्याकडून एक म्हातारी आली. तिनं गाडीच्या बॉनेटवर तळवा ठेवला, उन्हानं तापलेला पत्रा होता तरी काढला नाही. मला विचारलं, "ही माका पन न्हेतली?"

"न्हेणार की, आजी."

तिनं मान डोलावली आणि आल्या वाटेनं परत गेली.

उरलेला सगळा दिवस हे आणि दत्ताराम गाडीखाली होते. फोंड्याहून कुणीतरी नवा रबर आणि नवी नळी आणून दिली, चौथ्या चाकाचा ब्रेक जोडला गेला. ग्रीस भरायची एकेक जागा यांनी दत्तारामचा हात धरून त्याला दाखवली. मी शाळेच्या पायरीवर बसून ऐकत होते. एकाच गाडीबद्दल एवढं सांगण्यासारखं असतं, हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

परत

कणकवलीहून एस.टी.नं घाट चढलो. यांना खिडकी दिली. आम्ही थांबलो होतो त्या गटारीपाशी एस.टी. आली तेव्हा मी सांगणार होते, पण त्यांचे डोळे मिटलेले होते म्हणून सांगितलं नाही. मुरगूडला उतरलो तर आक्काताईंनी आधी यांना नखशिखांत न्याहाळलं, मग मला, आणि मगच पाणी दिलं.

घरी शेडखाली काळी, तेल मुरलेली जमीन तेवढी राहिली होती. पहिल्या रविवारी हे सकाळी उठून तिथं गेले आणि थोड्या वेळानं परत आले. दुसऱ्या रविवारी गेले नाहीत. अंथरुणातच पडून राहिले. दुपारी जेवायला उठवलं तर म्हणाले, भूक नाही. दवाखान्यात मी अशी माणसं बघितली आहेत. मला धास्ती वाटायला लागली. गाडी दिली ते बरोबर केलं की नाही, हे मी स्वतःलाच विचारायला लागले.

आषाढात शेजारच्या दुकानातून हाक आली. फोंड्याहून फोन होता. मी यांना हाताला धरून नेलं आणि शेजारी उभी राहिले. दत्ताराम मोठ्यानं बोलत होता, मलाही ऐकू येत होतं. बौद्धवाडीतली एक बाई अडली होती. त्या वाडीची ही पहिलीच हाक. लोकांनी वाद घातला, नदी भरलीय म्हणाले, गाडी जाईल म्हणाले. बराच वेळ त्यात गेला. शेवटी तो एकटाच चावी घेऊन निघाला. फोंड्याच्या दवाखान्यात बाई सुखरूप सुटली, मुलगी झाली. पण येताना पाण्यात पुढची चाकं जोडली जाईनात, दांडा लागत नव्हता; कशीबशी पार झालेली गाडी आता फोनवाल्याच्या दारात उभी होती आणि एक पोरगा तिच्याखाली शिरला होता.

 यांनी घसा खाकरला. फोन डाव्या कानाला धरला, आणि उजवा हात समोर हवेत गेला.

"दांडा मधीच अडतोय का पुढं जाऊन परत येतोय?" ते म्हणाले. "हां. मग खालच्या पोराला सांग. गियरपेटीच्या उजव्या अंगाला हात घाल. एक सळई लागंल. लागली? तिच्या टोकाला खीळ हाय बघ…"

बोटं हवेत ती सळई शोधत होती, खीळ चाचपत होती, नट फिरवत होती. दुकानदार वजन करायचं थांबवून बघत राहिला. मी तिथं उभी राहून त्यांचा तो हात बघत होते. त्यांचं बोलणं संपायला बराच वेळ होता आणि मला कसलीच घाई नव्हती.